तक्रार: ड्राइव्हशाफ्ट किटमध्ये उलट्या आट्यांचा हब नट नाही आणि पत्रकातली सूचना चुकीची

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या डाव्या-उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) किटबद्दल ही तक्रार आहे. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

या किटमधल्या डाव्या शाफ्टचे आटे उलटे आहेत, उजव्याचे सरळ. माहितीपत्रकात मात्र दोन्ही चाकांसाठी एकच चित्र असून नट घड्याळाच्या उलट दिशेने सैल करावा असे छापले आहे. उलट्या आट्यांचा नट त्या दिशेने आणखी आवळला जातो. हब नट, म्हणजे शाफ्टचे टोक चाकाच्या मध्यभागी पक्के करणारा नट, मुळातच घट्ट असतो; अनेक गाड्यांत तो 200 न्यूटन-मीटरहून जास्त पिळाने आवळलेला असतो. त्यामुळे तो हलत नाही याचे कोणाला नवल वाटत नाही. पान्याला पाइप लावून किंवा इम्पॅक्ट गनने (झटके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) जोर वाढवला जातो. मग आटे सोलवटतात, शाफ्टचे टोक पिळवटून तुटते किंवा बेअरिंगवर नको तितका दाब येतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. पिशवीतले दोन्ही नट सरळ आट्यांचे निघाले. असा नट उलट्या आट्यांच्या शाफ्टवर पहिल्याच आट्यापाशी अडतो. कचरा अडकला असेल असे समजून पाना लावला की नवा शाफ्ट वाया गेलाच. योग्य नट नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे.

आटे ओळखणे अवघड नाही, पण ते पत्रकात लिहिलेले हवे. नटाबाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. शाफ्ट उभा धरून समोरून पाहावे: सरळ आटे उजवीकडे वर चढतात, उलटे डावीकडे. कुठलेही टोक वर असले तरी फरक पडत नाही. नटाच्या कोपऱ्यांवर खाचा किंवा ‘एल’ अक्षर असेल तर तो बहुधा उलटा. मात्र खूण नाही म्हणून तो सरळच, असे धरू नये. कोणती बाजू उलटी, याचा अंदाजही बांधू नये, कारण सगळ्या गाड्यांत पद्धत सारखी नसते. शिवाय ‘डावी’ म्हणजे चालकाच्या जागी बसून पुढे पाहताना डावी, हे पत्रकात कुठेच नाही.

नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल, तर ती आधी उचलावी लागते आणि असा नट पुन्हा वापरायचा नसतो, हेही गाळले आहे.

माझ्या मागण्या अशा: योग्य आट्यांचा नट विनामूल्य पाठवावा. ज्यांना हे किट विकले, त्या सर्वांना लेखी कळवावे, कारण त्यातले काही जण आजही चुकीच्या दिशेने जोर लावत असतील. नव्या पत्रकात दोन्ही बाजूंची वेगळी चित्रे द्यावीत आणि उलट्या नटाच्या पिशवीवर ठळक बाण छापावा.

लेखी उत्तर मिळेपर्यंत किट जसेच्या तसे जपून ठेवले आहे.

आपला,
एक ग्राहक