‘ताई, यात काय लिहिलंय?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हृदयाच्या ठोक्यांच्या तपासणीचा अहवाल रुग्णाला मराठीत मिळण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, खासगी दवाखान्यात मी ईसीजी आणि होल्टरचं, म्हणजे दिवसभर अंगावर लावून हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचं, काम करते. चौदा वर्षं झाली. रुग्णाची छाती स्पिरिटने पुसायची, केस असतील तर काढायचे, चिकट इलेक्ट्रोड लावायचे, वायरी जोडायच्या, मशीन गळ्यात अडकवून द्यायचं आणि सांगायचं, ‘उद्या याच वेळेला या. तोवर आंघोळ नको, बाकी रोजची सगळी कामं करा.’ दुसऱ्या दिवशी मशीन काढून नोंदी संगणकात उतरवायच्या. रिपोर्ट डॉक्टर बघतात, सही करतात. माझं काम तिथे संपतं. पण रुग्ण कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी परत येतो आणि विचारतो, ‘ताई, यात काय लिहिलंय?’

हे पत्र या एका प्रश्नापायी लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी एका आजींना त्यांच्या मुलाने उचलून आमच्याकडे आणलं होतं. वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही. आठवड्यापूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, बोलणं गेलं होतं. ईसीजीसाठी जुने कागद मागितले तर मुलाने रेशन कार्ड, आधार कार्ड ठेवलेली प्लास्टिकची पिशवीच पुढे केली. तिच्यात आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेला होल्टरचा रिपोर्ट निघाला. ‘छातीत पाखरू फडफडतंय’ असं आजी म्हणायच्या, म्हणून ती तपासणी केली होती. चौथ्या पानावर रात्री अकरापासून पहाटे साडेपाचपर्यंत ठोके पूर्ण अनियमित असल्याच्या पट्ट्या होत्या. निष्कर्षात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं : एट्रियल फिब्रिलेशन. मुलाला विचारलं, तेव्हा काय सांगितलं होतं? तो म्हणाला, ‘ब्लॉकेज नाही म्हणाले. मग आम्ही निर्धास्त झालो.’

रोग सापडला होता, महोदय. तो कागदावर आला होता आणि कागद घरातही होता. घरातल्या कुणालाच तो वाचता आला नाही.

मी डॉक्टर नाही. पण या आजारात काय होतं हे दवाखान्यात रोज ऐकते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानसा खिसा असतो, त्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती निसटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. हा आजार असलेल्या माणसाला अर्धांगवायूचा धोका सुमारे पाच पट असतो. वय पासष्टच्या पुढे, त्यात बीपी, त्यात शुगर, असं एकेक जमत गेलं की तो आणखी वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या योग्य गोळीने हाच धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. त्या आजींना ती गोळी आठ महिने आधी मिळायला हवी होती. साध्या ॲस्पिरिनने हे काम होत नाही. तरी ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ म्हणत ॲस्पिरिनच घेणारे रुग्ण आजही माझ्यापुढे येतात.

साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. अधूनमधून येणारी धडधड त्या दहा सेकंदांत सापडली तर नशीब. म्हणून होल्टर. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे यंत्र पहिल्यांदा केलं तेव्हा ते पाठीवर बांधून फिरावं लागे आणि वजन होतं सुमारे ३८ किलो. आज ते मुठीत मावतं आणि दिवसाचे लाखभर ठोके एकेक करून टिपतं. यंत्र एवढं हलकं झालं, रिपोर्ट मात्र रुग्णाला अजून तेवढाच जड आहे.

आणि रिपोर्ट न कळण्याचा त्रास उलट बाजूनेही होतो, तो मला जास्त वेळा दिसतो. चोवीस वर्षांचा एक मुलगा, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याच्या रिपोर्टमध्ये एकूण ठोके १,०४,०००, आणि त्यात खालच्या कप्प्यातून आलेले जादा ठोके ४१२. त्याने मोबाइलवर शोधलं आणि ‘अचानक मृत्यू’ एवढंच वाचलं. महिनाभर धावणं बंद, झोप बंद, आईने नवस बोललेला. ४१२ म्हणजे हजारात चार! असे जादा ठोके धडधाकट माणसांतही सर्रास असतात. एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास गेले की डॉक्टर बारकाईने बघू लागतात, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयाचा पंप थकत नाही ना हे पाहतात. या मुलाचा इको चांगला होता. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत त्याला दोन मिनिटं समजावलं आणि तो दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेला. ती दोन मिनिटं महिनाभर आधी मिळायला काय हरकत होती?

असंच झोपेतल्या आकड्यांचं. ‘कमीत कमी ठोके ४२’ हे वाचून लोक घाबरतात, पण गाढ झोपेत ठोके इतके उतरणं बहुतेकदा नैसर्गिक असतं. दिवसाढवळ्या जागेपणी तीन-चार सेकंद ठोका थांबला आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती गोष्ट वेगळी, तिथे पेसमेकरचा विचार करावा लागतो. रिपोर्टमध्ये दोन्ही नुसते आकडेच दिसतात, अर्थ टोकाचे निघतात. फरक सांगणारं माणूस समोर नसेल तर रुग्णाने कसं ओळखायचं?

होल्टरसोबत एक नोंदवही देतात, तिच्याबद्दल मुद्दाम लिहिते. कुठल्या वेळी काय करत होतात, काय जाणवलं, हे त्यात लिहायचं असतं. माझ्या मते अर्धी तपासणी त्या वहीतच असते. पण ती छापील वही इंग्रजीत. म्हणून मी कोरा कागद देते आणि सांगते, लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. एका बाईंच्या कागदावर नातवाच्या अक्षरात होतं : ‘५:१० – म्हशीची धार काढताना धडधड.’ संगणकावर ५:१० ची पट्टी उघडली, ठोके मिनिटाला ११० पण अगदी शिस्तीत, नियमित. म्हणजे धडधड खरी, पण ठोक्यांच्या तालाचा आजार नाही. पुढे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, म्हणजे खूपच कमी, निघालं. त्या एका ओळीने तिला हृदयाच्या नको त्या गोळ्यांपासून वाचवलं आणि लोहाच्या गोळीपर्यंत पोचवलं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी : राज्यात कुठेही होल्टर झाला, सरकारी असो वा खासगी, तर रिपोर्टसोबत मराठीत एक पान दिलंच पाहिजे, असा आदेश काढावा. काय सापडलं, ते काळजीचं आहे की नाही, कुठली गोळी आणि ती का, पुन्हा कधी यायचं, आणि काय झालं तर लगेच १०८ ला फोन करायचा. नोंदवहीही मराठीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या दवाखान्यातही पेढे वाटले होते. त्याच दिवशी मी सहा रुग्णांना त्यांना न वाचता येणारे कागद दिले.

दुसरी विनंती तपासणीच्या सोयीची. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा आधार झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण सांगतात की तालुक्याला होल्टरच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुळात भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे. म्हणजे पेसमेकर बसवायचा झाला तर ती पाठीशी उभी राहते, पण पेसमेकर लागेल का हे ठरवणारी बाहेरची तपासणी मजुराने पदरच्या दीड-दोन हजारांनी करायची. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दोन मशीनं द्या. वाचायला तिथे हृदयरोगतज्ज्ञ बसवायची गरज नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ईसीजी ऑनलाइन पाठवून तज्ज्ञाकडून वाचून घेण्याची पद्धत स्टेमी प्रकल्पात आपल्याच राज्याने वापरली आहे. होल्टरची फाइलही तशीच पाठवता येते.

आणि मशीनच्याही आधी, बोटं आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत तिशीपुढच्या माणसांचं बीपी आणि शुगर बघतात. त्याच वेळी मनगटावर तीन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी बघायला लावा, निदान पासष्टच्या पुढच्यांची तरी. नाडी नियमित की अनियमित, रजिस्टरात एवढा एकच रकाना वाढवायचा. अनियमित लागली तर ईसीजी. आशाताईंना हे तासाभरात शिकवता येईल, मी स्वतः शिकवायला तयार आहे. मात्र या कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, फुकट कामं त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहेत.

गोळी सुरू झाल्यावरचं एक दुखणं राहिलं. लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून सांधेताप, सांधेतापातून हृदयाच्या झडपेचा आजार, असे तरुण रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, त्यांत बायका जास्त दिसतात. झडप अरुंद झालेल्या अशा रुग्णांना ठोके अनियमित झाले की रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम या जुन्याच गोळ्या लागतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी एकीपेक्षा त्यांच्यासाठी जुनीच गोळी सरस ठरली, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या अभ्यासात दिसलं. आणि जुन्या गोळीला आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी, रक्ततपासणी वारंवार लागते, आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. आमच्याकडे येणारी एक ऊसतोड कामगार बाई सहा महिने कारखान्यावर असते. तिथे आयएनआर कुठे करायचा हे तिला कुणी सांगितलेलं नाही. कंबर दुखली की ती दुकानातून वेदनाशामक गोळी घेते, आणि त्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो हेही तिला माहीत नव्हतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर सांगणारी छोटी यंत्रं मिळतात. ती ग्रामीण रुग्णालयांत आणि ऊसपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवावीत, आणि रुग्णाला बाळंतिणीसारखंच एक कार्ड द्यावं, मराठीतलं, जे कुठल्याही जिल्ह्यात चालेल.

मराठी पानाचा एक नमुना मी तयार केला आहे. आमच्या डॉक्टरांनी तो तपासून दिला. त्या आजींना आठ महिने आधी जे पान मिळायला हवं होतं, ते असं :

‘तुमच्या हृदयाचे ठोके काल रात्री ११ ते पहाटे ५:३० अनियमित होते. हा झटका नाही आणि ब्लॉकेजही नाही. पण अशा ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायू होऊ शकतो. तुमचं वय, बीपी आणि शुगर बघता हा धोका तुम्हाला जास्त आहे. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली आहे. धडधड थांबली तरी ती स्वतःहून बंद करू नका. दात काढायचा असेल, इंजेक्शन घ्यायचं असेल किंवा अंगदुखीची गोळी घ्यायची असेल तर आधी हा कागद दाखवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलणं सुरू झालं, तर वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. हा कागद घरात सगळ्यांना वाचून दाखवा.’

आपली नम्र,
होल्टर मशीन बसवणारी एक टेक्निशियन