सामूहिक वाचन : गुरुवारच्या चर्चेबद्दल

सर्व वाचक-सदस्यांना,

पुढची चर्चा येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात होईल. आपण सगळे मिळून वाचतो आहोत त्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं वाचून या. सगळी झाली नसतील तरी या, फक्त न वाचलेल्या भागावर ठाम मत देऊ नका.

मागच्या वेळी चौथ्या प्रकरणावरून चांगलीच जुंपली. त्यात वावगं काही नाही. सगळ्यांचं एकमत असेल तर जमायचं कशाला? १९९८ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने गावभर एकच पुस्तक वाचण्याची कल्पना राबवली, तीही माणसांना एकमेकांशी बोलतं करायला. खटकलं ते एवढंच की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तरं सुटत होती. म्हणून या वेळी एक नियम ठेवतो आहोत. कुणाचं मत खोडायचं असेल तर आधी ते आपल्या शब्दांत मांडा. 'हो, मला हेच म्हणायचंय' असं त्या व्यक्तीने म्हटलं की मगच पुढे. पान क्रमांक सांगा, ओळ वाचून दाखवा, मग काय ते बोला. 'तुम्ही लोक नेहमी' अशी सुरुवात नको. प्राध्यापकांनाही यातून सूट नाही (त्यांनी हसत हसत का होईना, मान्य केलंय).

गट आठ-आठ जणांचे असतील. मित्रमैत्रिणी मुद्दाम वेगवेगळ्या गटांत टाकल्या आहेत, बदलून मागू नका. येणं जमत नसेल तर बुधवारपर्यंत कळवा.

– संयोजक, वाचन उपक्रम