नवी बॅटरी घेऊ नका, आधी काळी वायर बघा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर सांगितलेल्या तक्रारी लिहून घेतल्या, त्या सात भरल्या. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे हलतात. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. फर्मागुढीची चढण चढून फोंड्याच्या गर्दीत अडकली की तापते. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. आईच्या पायाखाली पाणी येतं. आणि पाऊस लागला की पहिली दहा मिनिटं मिसिंग करते. यावर गॅरेजवाल्याने बॅटरी, सेल्फ आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तिन्ही नवे घालायला सांगितले आहेत. आज यातलं काही घेऊ नका. वीस वर्षांच्या गाडीत सात तक्रारी म्हणजे सात बिघाड नसतात. माझ्या हिशेबाने मुळं चार-पाच आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं बहुधा एका गंजलेल्या बोल्टात आहे.

पण ब्रेकचा निकाल लागेपर्यंत गाडी गेटबाहेर काढू नका. फुलं आणायला म्हार्दोळपर्यंतसुद्धा नाही.

आता ते काटे. दिव्याचं बटण दाबल्याने टाकीतलं पेट्रोल बदलत नाही आणि इंजिनही क्षणात तापत नाही. दोन्ही काटे एकाच वेळी हलतात, म्हणजे दोघांच्या वाटेत कुठेतरी एकच अडथळा आहे. ती वाट म्हणजे अर्थ, विजेचं अर्थिंग. करंट बॅटरीतून लाल वायरने जातो आणि गाडीच्या पत्र्यातून, काळ्या वायरीने परत येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी वेगळी जाड वायर किंवा विणलेली पट्टी लागते. आपल्याकडचा पाऊस आणि तांबडी माती त्या पट्टीच्या बोल्टाखाली शिरते, आणि वरून घट्ट दिसणारा बोल्ट आतून गंजलेला निघतो. ओहम हे अडथळ्याचं माप, असा गंज एका ओहमच्या विसाव्या भागाइतका अडथळा करत असेल असं धरा. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात, तिथे अर्धा व्होल्ट जातो, काटे थरथरतात, इतकंच. सेल्फला १०० अँपिअर लागले की त्याच गंजावर ५ व्होल्ट जातात. बॅटरी बाराची असून सेल्फपर्यंत सातच पोचतात, मग तो बिचारा टक-टक करणार नाही तर काय करणार? चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर करंट तिच्यातून वाट काढतोय असं पक्कं समजा. अशाने केबल आतून जळते आणि महिन्याभराने क्लच कडक होतो. मग क्लचचं बिल वेगळं.

तपासायला जंपर केबल पुरते. तिची काळी बाजू घ्या. एक चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. चिमटे इंजिनवर फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब ठेवा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि सेल्फ मारा. खणखणीत फिरला तर रोग सापडला, बॅटरीचे पैसे वाचले.

काही फरक पडला नाही तर मल्टिमीटर काढा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ आले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे रिकामी. मग आई, तू सेल्फ मार आणि बाबा मीटर बघतील. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी एकतर रिकामी आहे किंवा संपली आहे. पूर्ण चार्ज करूनही तसंच झालं तरच नवी घ्या. सेल्फ फिरतोय, आकडा अकराच्या वर आहे आणि तरी तो रडतोय, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर आणि दुसरं इंजिनवर धरून परत मारा. इथे ०.३ च्या वर काही दिसलं तर दोष अर्थचा. तसंच लाल टोक ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथे ०.५ पर्यंत चालतं. गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत आणि हेडलाइट, ब्लोअर लावूनही साडेतेराच्या खाली जाता कामा नये. इतकं मिळालं तर अल्टरनेटर धडधाकट आहे, कोणी काही म्हणो. कमी मिळालं तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण ८ ते १० मिलिमीटर दबावा. पाऊस पडला की चिरकतो तो पट्टा बहुधा सैल असतो.

साफसफाई करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. दहाचा पाना घ्या. काढताना आधी काळी, लावताना काळी सगळ्यात शेवटी. लाल सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि काळी जोडलेली असली, की पाना जागीच वितळायला लागतो. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याने जाते. एक चमचा सोडा, कपभर गरम पाणी, जुना टूथब्रश, आणि झाकणाच्या भोकांतून सोडा आत जाऊ द्यायचा नाही. अर्थचा बोल्ट काढून त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नुसतं घट्ट करून भागत नाही. दातेरी वॉशर नवा घाला, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावलं तर तेच मध्ये बसतं.

दोन दिवसांत बॅटरी बसते हा मात्र वेगळा रोग. मला डिकीतल्या दिव्यावर संशय आहे, कारण या वयाच्या गाड्यांत डिकीचा स्विच पावसाने अडकतो. फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवा, डिकी बंद करा, मिनिटाने काढून बघा. व्हिडिओ काळा दिसला पाहिजे. ५ वॉटचा एवढासा दिवा ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. आपली बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त गेली, आता जुळतंय ना? डिकीत अंधार असला तर काळी वायर काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर घाला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद ठेवा. ०.०५ च्या आत असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज उपटत जा. ज्याने आकडा पडला, चोर त्या लाइनवर. आधीच्या मालकाने बसवलेला टेप, रिव्हर्सचा हॉर्न, सेंट्रल लॉक, हे नेहमीचे गिऱ्हाईक. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरमधला डायोड, तो फ्यूजमधून येत नाही. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम झाल्यावर लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घाला. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात.

गरम होण्याचं पाहू. कधी तापते यावरून निम्मं निदान होतं. उभी असताना तापली तर फॅन. पळताना, चढणीला तापली तर पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट, पंप किंवा चोंदलेला रेडिएटर. तुमची चढणीवर निभावते आणि गर्दीत उभी राहिल्यावर काटा चढतो, म्हणून आधी फॅन बघा. एसी लावल्यावर बोनेटखालचा फॅन फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज बघा, मग फॅनचा रिले, म्हणजे करंट जोडणारी छोटी डबी, त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा. तरी नाही, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फॅनला थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज घालून, करंट देऊन घ्या. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे, दोष स्विचचा किंवा वायरिंगचा. फिरला पण मरगळलेला, तर कार्बन ब्रश झिजलेत. फॅनचीही अर्थ त्याच गंजक्या पत्र्यावर असते, तेव्हा वरचं काम केल्यावर हे आपोआप सुटलं तर मला नवल वाटणार नाही. फॅनमध्ये हात घालू नका, तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, तासभर थांबा. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण काढलं की एकदम उकळून तोंडावर येतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर तो दाबच राहत नाही आणि गाडी विनाकारण तापते, नवं झाकण स्वस्त आहे. विहिरीचं पाणी घालणं बंद. त्यातल्या क्षारांचा थर बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, आणि कॅनवर आधीच मिसळलेलं असं लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण कूलंट गंज रोखतं, हवं आहे ते त्यासाठी. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या आतलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, गेलं असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल किंवा थंड गाडी चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅस्केट.

ब्रेक डावीकडे ओढतो, म्हणजे बहुतेक वेळा उजवा धरत नाही. किंवा डावा सोडत नाही. पुढची चाकं एकेक करून उचला आणि हाताने फिरवा. मागच्या चाकांना जांभ्या दगडाचा चिरा लावा, पण जॅकऐवजी चिऱ्यावर गाडी टेकवू नका, भाराखाली चिरा एकदम फुटतो. पावसाने भिजलेल्या अंगणातल्या मातीवर जॅकही नको, पोर्चमधल्या काँक्रीटवर करा आणि खाली स्टँड द्या. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. अडकलं तर मेकॅनिकला त्या चाकाचा ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू, किंचित सैल करायला सांगा. सैल केल्याबरोबर चाक मोकळं झालं तर पॅड दाबणारा कॅलिपर निर्दोष आहे. जुना रबरी होज आतून सुजलाय, तो ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. सैल करूनही चाक धरूनच राहिलं तर पिस्टन किंवा सरकणाऱ्या पिना गंजल्यात. होज बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदला. पॅड तीन मिलिमीटरवर आले की काढा. मागच्या टायरची आतली बाजू ओली, तेलकट दिसते का तेही बघून घ्या, तिथला सिलिंडर गळत असतो. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट सारखं दाबून धरा. हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसली तर दोष पेडलच्या मास्टर सिलिंडरचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपली हवा तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं. रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच घाला.

आई, तुझ्या पायाखालचं पाणी. बोट लावून वास घे, चव नको. स्वच्छ, बिनवासाचं आणि फक्त एसी लावल्यावर येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी चोंदली. एसी न लावता पावसात येत असेल तर वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं कुजून भोकं बंद झालीत. वर तांब्याभर पाणी ओतून बघ, ते पुढच्या चाकाजवळून खाली पडलं पाहिजे. पण गोडसर वास आणि बोटाला चिकट लागलं, तर ते कूलंट आहे, हीटरची जाळी, म्हणजे आतला छोटा रेडिएटर, फुटली. मग गरम होण्याचं एक कारण तिथेच सापडेल. कोणतंही असो, कार्पेट बाहेर काढून वाळवा, त्याखालून वायरिंग जातं.

मिसिंगसाठी रात्री, अंगणातला दिवा बंद करून, बोनेट उघडून गाडी चालू ठेवा आणि आईच्या झाडांच्या स्प्रेने प्लगच्या वायरींवर लांबून बारीक तुषार मारा. खराब वायरीवरून निळ्या ठिणग्या चालताना स्पष्ट दिसतात. हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. दिसल्या तर वायरी आणि प्लग दोन्ही एकदम बदला. मात्र पेट्रोलचा जरासा जरी वास येत असेल तर हा प्रयोग नको आणि वरचे विजेचे प्रयोगही नकोत. आता पंपावर मिळतं त्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी या वयाच्या गाडीच्या रबरी नळ्या बनवलेल्या नसतात, त्या चिरू शकतात. शिवाय पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येऊन त्याच नळ्या कुरतडतात.

बाबा, रविवारी सकाळी गाडी चालू करण्याआधी मीटर लावा आणि चार आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा: उभ्या बॅटरीचा, सेल्फ फिरतानाचा, बॅटरीचं काळं टोक ते इंजिनचा, आणि गाडी चालू असतानाचा. मी अकरा वाजता फोन करते.

तुमची लेक,
बाय