माणूस आणि जनावरांच्या खऱ्या गोष्टी मराठवाड्यातल्याही छापाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत माणूस आणि प्राणी यांच्यातील जिव्हाळ्याच्या खऱ्या गोष्टी अधूनमधून येतात आणि आमच्या घरी त्या मोठ्याने वाचल्या जातात. 1925 मध्ये मालकाचे निधन झाल्यावर 1935 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मरणापर्यंत, टोकियोच्या शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहणारा हाचिको कुत्रा त्यामुळेच नातवंडांना ठाऊक झाला. ती गोष्ट पुनःपुन्हा सांगावी अशीच आहे. परंतु डोळ्यांदेखत घडलेल्या अशा कितीतरी गोष्टी मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्यांजवळ आहेत आणि ट्रॅक्टर आल्यापासून गावोगावच्या दावणी रिकाम्या होत असताना त्या कोणीही लिहून ठेवत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

2019 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या आणि माणसे जनावरांशेजारीच पाल ठोकून राहत होती. आमच्याकडच्या एका छावणीत म्हाताऱ्या जोडप्याचा लाल कंधारी बैल होता. त्याचे दात झिजले होते, म्हणून म्हातारी उसाच्या वाढ्यांचे टणक बुडखे काढून टाकून उरलेला पाला विळ्याने बोट-बोट कापून त्याच्यापुढे ठेवायची. म्हातारा दवाखान्यासाठी तालुक्याला गेला, तेव्हा बैलाने त्या चाऱ्यालाही तोंड लावले नाही. शेवटी तिने नवऱ्याचा वापरातला पटका खुंट्याला बांधला; बैलाने तो बराच वेळ हुंगला आणि मग मान खाली घालून तो चारा खाऊ लागला. गुरे माणसाला वासाने ओळखतात, हे गुराख्याला सांगावे लागत नाही. पण हे शहरातल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवे.

मात्र खरेखोटे पारखूनच छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. तिथे ती पिल्ले उपाशी राहून किंवा खाली पडून मरत होती. वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. तोवर अडीचशे कुत्री मारून वानरांनी सूड उगवल्याची बातमी जगभर पसरली होती. त्या आकड्याला आणि सूडाच्या कल्पनेला ठोस आधार नव्हता. वानरांनी असे का केले, हा खरा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणण्याची रीत अजून आपल्याकडे टिकून आहे. यंदा त्या निमित्ताने आपण असे एक सदर सुरू करावे आणि प्रत्येक हकिगतीसोबत गाव, साल आणि ती प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या तोंडून आपल्या वार्ताहरांनी ती उतरवून घ्यावी. हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार आणि माळेगावची खंडोबाची यात्रा या दोन ठिकाणी जन्मभर गुरे सांभाळलेली माणसे त्यांना सहज भेटतील.

आपला,
एक वाचक, जि. बीड