रेफ्री चुकला, मग बचावाचं काय?

रात्रीचा सामना संपला, की दुसऱ्या दिवशी कर्वे रस्त्यावरच्या टपरीवर चहाबरोबर रेफ्रीचा उद्धार ठरलेला. रेफ्री चुकतात, मान्य. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला, तरी गोल दिला नाही. तेव्हा 2-2 झाले असते, अन्यायच तो. पण इंग्लंड हरले 4-1 ने! जर्मनीच्या क्लोजेने केलेला सामन्यातला पहिला गोल तर त्यांच्याच गोलरक्षक नॉयरच्या एका लांब किकवर झाला. इंग्लंडचे बचावपटू टेरी-अपसन दोघे मध्ये असून क्लोजे निसटला. उत्तरार्धात इंग्लंडचे सगळे पुढे धावले, मागे रान मोकळे. जर्मनीच्या म्युलरने तीन मिनिटांत दोन गोल ठोकले. हे काढले, की आमची मित्रमंडळी विचारतात, ‘तू जर्मनीचा का रे?’

– एक वाचक, कोथरूड, पुणे