उद्या किती ताटं, हे आदल्या रात्री कळवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बेळगावातल्या आम्हा लहान खानावळवाल्यांकडून आहे. टेबलं पाच-सहा, भाकऱ्या थापायला दोघी-तिघी, वाढायला एक-दोन पोरं, एवढाच ज्यांचा पसारा, ते आम्ही. तुमचं नाव इथे घालत नाही. पण टिळकवाडीतल्या तुमच्या कॉलनीत हे पत्र कुणासाठी आहे ते सगळ्यांना कळेल. आभार चारचौघांत मानतोय, कारण कोरोनाच्या काळात तुम्ही लावून दिलेली, अख्ख्या कॉलनीच्या डब्यांचा आकडा आदल्या रात्री कळवायची पद्धत दुसऱ्या कुठल्याही गल्लीत लावता येते आणि ती लावली जावी अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आमचं गिऱ्हाईक नेमकं का तुटलं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. कोरोनाच्या टाळेबंदीत हॉटेलं बंद होती म्हणून धंदा बसला, उघडली की सुरू होईल, असं बहुतेकांना वाटत होतं. ८ जून २०२० पासून बसून जेवायला परवानगी मिळाली, पण निम्म्याच खुर्च्या भरायच्या अटीवर. खानावळीत निम्म्या म्हणजे चोवीसच्या बारा, आणि जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच एवढीच. खुर्च्यांचं काहीतरी जमवता आलं असतं, माणसंच नव्हती. खानावळ वाटसरूंवर चालत नाही, महिन्याच्या मेंबरांवर चालते. कॉलेजं ऑनलाईन झाली तशी गोव्याची, कोकणातली, चंदगडकडची पोरं खोल्या सोडून गावी गेली. उद्यमबागेतल्या कारखान्यांचं काम मंदावलं. लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरकडून येणारी कुटुंबं कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडायला लागली, कारण २०२१ च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला कोरोनाच्या आरटीपीसीआर तपासणीचा रिपोर्ट मागू लागले. इकडे निपाणी, तिकडे कागल, आणि नियम दोन राज्यांचे. त्यात अनेक खानावळींचे आचारीच महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले, त्यांनाही शिनोळीची हद्द ओलांडून यायचं असायचं.

मेंबर गेले की खानावळीचा उद्याचा आकडा जातो. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही, तुम्हाला समजली.

उद्याचं जेवण आदल्या रात्रीच सुरू झालेलं असतं. चाळीस ताटं धरली तर दोन भाकऱ्यांच्या हिशेबानं जोंधळ्याचं आठ किलो पीठ लागतं, तांदूळ तीन किलो, तूरडाळ सव्वा किलो, उसळीला दीड किलोच्या वर कडधान्य. वाटाणा, चवळी, मसूर रात्री भिजवलं तर दुपारी शिजतं. मटकीला मोड हवे असतील तर ती आदल्या सकाळी भिजत पडायला हवी, आठ-दहा तासांनी उपसून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायला हवी. मटणाचं खाटकाला रात्री सांगितलं तरच सकाळी हवा तेवढा, हवा तसा माल मिळतो. आता या सगळ्यात चाळीसऐवजी पंधराच माणसं आली तर काय होतं? उसळ फार तर रात्रीपर्यंत चालवता येते. भात मात्र दोन तासांच्या वर बाहेर राहिला की धोक्याचा. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा तापवून जात नाही, म्हणून तो टाकावाच लागतो. पीठही खप कमी झाला की गिरणीतून आणलेलं पडून राहतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, आणि मग भाकरी थापताना कडेनं तुटते. उकळतं पाणी घालून मळलं तर थोडं निभावतं, पण गिऱ्हाइकाला फरक कळतोच. नुकसान नको म्हणून कमी रांधलं आणि अचानक दहा माणसं आली, तर त्यांना परत पाठवावं लागतं. परत गेलेलं माणूस सहसा पुन्हा येत नाही. शेगडी, भाडं, भाकरीवाल्या बायकांची मजुरी हे पंधरा ताटांनाही जवळपास तेवढंच.

तुम्ही रोज रात्री आठच्या आत एका मेसेजमध्ये आकडा कळवलात. किती शाकाहारी, किती मांसाहारी, किती बिनतिखट, कुठल्या दोन घरी भाताऐवजी जादा भाकरी. आठनंतर बदल नाही, आणि रद्द केलं तरी पैसे द्यायचे, हे कॉलनीला तुम्हीच सांगितलंत. आम्ही सांगितलं असतं तर आमचाच लोभ दिसला असता. या नियमासाठी तुम्हाला शेजाऱ्यांची बोलणी खावी लागली असतील, त्याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे.

पदार्थ वारांवर ठरवून घेतलेत, याचाही मोठा उपयोग झाला. मटकी मंगळवारी, पिठलं-भाकरी गुरुवारी, मटण रविवारी, असं ठरलं की माल घाऊक घेता येतो आणि मटकीला मोड यायला वेळ मिळतो. घरोघर वेगळी फर्माईश घेतली असती तर लहान स्वयंपाकघर दुसऱ्या दिवशीच थकलं असतं.

पैसे थेट खानावळीच्या खात्यावर यूपीआयनं आले, हेही सांगायला हवं. अ‍ॅपवरून ऑर्डर आली की वीस ते तीस टक्के कमिशन जातं. शंभराच्या ताटामागे पंचवीस रुपये धरले, तर त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी म्हणून आणखी साडेचार, म्हणजे हातात साडेसत्तर. त्यातून किराणा, भाजी, गॅस, डबा आणि मजुरी. मोठ्या हॉटेलाला पनीरच्या भाजीत ते भरून काढता येतं, राईसप्लेटमध्ये काढता येत नाही. तुमच्या कॉलनीत एका फेरीत, एका गेटवर सगळे डबे उतरत होते, त्यामुळे पोहोचवण्याचा खर्च ताटामागे अगदी किरकोळ राहिला. मे २०२१ च्या टाळेबंदीत पार्सल न्यायला गाडी काढायची नाही, पायी या, असा नियम होता. तेव्हा तर त्या एका फेरीवरच काही खानावळींची चूल पेटती राहिली.

आगाऊ पैशाबद्दल तुमचं विशेष कौतुक करायचं आहे. चांगल्या मनानं लोक दोन-दोन महिन्यांचे पैसे एकदम द्यायला तयार होते. तुम्ही आठवड्याचेच द्यायला लावलेत. आगाऊ आलेला पैसा ही कमाई नसते, ती न रांधलेल्या जेवणाची उधारी असते. तो थकलेल्या भाड्यात गेला की पुढचे दोन महिने रोज ताटं जातात आणि गल्ल्यात काही येत नाही, आणि मग खानावळ मदतीमुळेच बंद पडते. सोमवारी आठवड्याचे पैसे, त्यातून आठवड्याचा किराणा, हे गणित कुणालाही झेपतं.

सरकारी योजना होत्या, नव्हत्या असं नाही. १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधीतून गाडेवाल्यांना १०,००० रुपयांचं कर्ज मिळत होतं, आणि ज्यांना मिळालं त्यांना भांडवल उभं करायला आधार झाला. पण खानावळ त्यात बसत नाही. बँकेचं आधीचं कर्ज असलेल्यांना त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत तातडीचं कर्ज देणारी योजनाही आली. आमच्याकडे बहुतेकांचं कर्ज सोसायटीचं नाहीतर भिशीचं, त्यांना तिचा उपयोग झाला नाही. आणि कर्ज काढून गिऱ्हाईक येत नाही.

डब्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सूचनांनी आमच्या जेवणाची चव घरापर्यंत पोहोचली. खानावळीतलं जेवण तव्यावरून थेट ताटात येण्यासाठी असतं, अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी नसतं. गरम भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की तिचीच वाफ तिला भिजवते आणि खालची बाजू लगदा होते. भाकरी तव्यावरून काढून टोपलीत उभी करून तीन-चार मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळायची. वर्तमानपत्रात नाही, शाई अन्नाला लागते. रस्सा काठोकाठ भरायचा नाही, बोटभर जागा सोडायची, नाहीतर आतली वाफ झाकण उचलते आणि अख्खी पिशवी तेलकट होते. उकळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात भरला तर झाकण मऊ पडून वाकतं, म्हणून क्लिपचा स्टीलचा डबा. कोशिंबिरीत मीठ घालायचं नाही, घरी घालून घ्यायचं, नाहीतर काकडी पाणी सोडते. भजी आणि पुरी डब्यात द्यायच्याच नाहीत. त्या मऊ पडतात आणि नाव खानावळीचं जातं. (कुंद्याला आणि मांड्यांना यातलं काही सोसावं लागत नाही, ते मुळातच टिकाऊ. मिठाईवाल्यांना तेवढा आधार होता.)

डबा निघताना रस्सा, वरण आणि भात हाताला चटका बसेल इतके गरम हवेत, म्हणजे साठ अंशांच्या वर. बारा वाजता भरलेला डबा एकच्या आत उघडला जायला हवा. तुम्ही गेटवर उभं राहून पंधरा मिनिटांत डबे घरोघर पोहोचवलेत. हे काम दिसायला लहान आहे, पण कॉलनीत एकालाही जेवण बाधलं नाही याचं निम्मं श्रेय त्या पंधरा मिनिटांचं आहे.

प्रत्येक घराला दोन डबे, एक जाणारा आणि एक घासून परत येणारा, हे गणितही तुमचंच. त्यामुळे रोजचे पॅकिंगचे आठ-दहा रुपये वाचले. ज्या घरात कुणी पॉझिटिव्ह होतं, तिथलं तुम्ही वेळेवर कळवलंत. त्या घरी स्टीलचा डबा न देता टाकून देता येईल असं पॅकिंग दिलं आणि डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला. तोंडाची चव गेलेल्यांसाठी मुगाची खिचडी, नाचणीची आंबील आणि आलं घातलेलं कढण मागवलंत. आजारी घराची कुजबुज होऊ न देता त्या घरचं जेवण चालू राहिलं, याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही.

भाकरीवाल्या बायकांनीही नमस्कार कळवला आहे. त्यांना नगावर पैसे मिळतात, म्हणजे भाकरी नाही तर मजुरी नाही. तुमच्या आकड्यामुळे त्यांना रोज सकाळी यायचं की नाही हे आदल्या रात्रीच कळत होतं.

हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव इथल्या कुणाला हे करावंसं वाटलं तर एवढं सांगतो. सुरुवात आठवड्यातून तीन दिवसांनी करा, रोजचं लगेच नको. पंधरा-वीस ताटांच्या खाली फेरी परवडत नाही, त्यामुळे तेवढी घरं जमल्यावरच बोला. खानावळ चालत जाता येईल अशी निवडा. आकडा एकाच माणसानं कळवावा, दहा जणांचे फोन आले की घोळ होतो. कमी तिखट, मीठ, भाताचं प्रमाण याबद्दलची तक्रार त्याच संध्याकाळी सांगा, आठवडाभर साठवू नका, कारण कळलं तरच आचारी सुधारतो. आणि पहिल्या दिवशी आमटी-भात-भाकरी-उसळ एवढंच मागवा, मटण दुसऱ्या आठवड्यात.

ताई, त्या काळात बसून जेवायला बरेच जण कचरत होते, आणि त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. डब्याची फेरी चालूच राहील. श्रावणात मांसाहारी ताटं बंद असतील, त्या रविवारी पुरणपोळी की वरणफळं, ते कॉलनीला विचारून कळवा. पुरणपोळी असेल तर दोन दिवस आधी सांगा, हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणायला लागेल.

आपले ऋणी,
बेळगावातले लहान खानावळवाले