उरलेलं बघायला शिकवणाऱ्या मामांना

मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते इथं लिहीत नाही. तुम्ही वाचलंत तर लगेच ओळखाल. 2018चा एप्रिल, रविवारची संध्याकाळ, आपल्या सोलापूरचं प्राणी संग्रहालय, आणि चितळांच्या जाळीतून आत गेलेला बिस्किटाचा पुडा. तो पुडा माझ्या मुलानं टाकला होता. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. हरणाला भूक लागलीय म्हणून त्यानं कागदासकट पुडा आत सरकवला. मी शेजारीच उभी होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज हे लिहिताना लाज वाटते.

तुम्ही धावत आलात. लांब काठीनं पुडा ओढून काढलात, खाली सांडलेला चुरासुद्धा सारून घेतलात आणि मग आमच्याकडे वळलात. मला वाटलं, आता पावती फाटणार. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्राणी संग्रहालयातल्या जनावराला खायला घालणं, डिवचणं, तिथं कचरा टाकणं हा गुन्हा आहे. पण तुम्ही मुलापुढे उकिडवे बसलात आणि म्हणालात, "खायला घालायचंय न्हवं? मग मंगळवारी सकाळी सातला ये. साहेबांना इचारून ठेवतो. आईला घेऊन ये."

आम्ही आलो. रात्रभर मुलगा झोपला नव्हता.

मागच्या बाजूचं ते छोटं फाटक, त्याच्या उंबऱ्याशी लाल औषधाचं पाणी भरलेली उथळ टाकी, आणि त्यात चपला बुडवून आत जायचा तुमचा नियम. बाहेरचा रोग पायानं आत येतो, असं तुम्ही सांगितलंत. मुलगा आजही घरात येताना पाय घासूनच येतो. मग ती खाद्याची खोली. मी घाण वासाची तयारी करून आले होते, आणि तिथं वास होता तो चिरलेल्या भोपळ्याचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा. ओळीनं ठेवलेल्या पाट्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची खूण, भिंतीला फळा, फळ्यावर किलो आणि ग्रॅम. गाजर कुणाला किती, केळी कुणाला किती, सगळं काट्यावर तोलून. माझ्या घरात मी कधी डाळसुद्धा तोलून शिजवली नव्हती.

कडब्याचं तर मला फार नवल वाटलं. आपल्या मंगळवेढ्याकडची ज्वारी आपण खातो, तिचा कडबा गुरं खातात, एवढं माहीत होतं. तुम्ही सांगितलंत की कडबा वाळलेलाच हवा. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात विष असतं, पाण्याच्या ताणावरची कोवळी धाटं खाऊन चांगली दांडगी गाय तासाभरात जाते. माझ्या आजोळी शेती आहे, तरी हे मला चाळिशीला आल्यावर तुमच्याकडून कळलं.

मुलाला तुम्ही चितळाचं गळून पडलेलं शिंग हातात दिलंत. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची मात्र जन्मभर तीच, हे त्यानं त्या आठवड्यात अख्ख्या वर्गाला सांगितलं. मगरीपाशी तो घाबरला होता, कारण ती जबडा उघडून निपचित पडली होती. "रागावली नाही रं, तिला उकडतंय," असं तुम्ही म्हणालात. मगरीला घाम येत नाही, ती तोंड उघडून अंगातली उष्णता बाहेर टाकते. आणि लोकांना वाटतं ती मेलीय, म्हणून ते दगड मारून बघतात. तुम्ही कोपऱ्यातली लोखंडी बादली दाखवलीत. आदल्या दिवशी तिच्या हौदातून काढलेलं सगळं त्यात होतं. फरशीचे तुकडे, बाटलीची बुचं, एक फुटकी बांगडी, आणि मुठीत मावणार नाही एवढा एक दगड. मुलानं तो दगड उचलून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

मग तुम्ही कपाटातून काचेची बरणी काढलीत. आत काळपट, गुंतलेला, नारळाएवढा गोळा. पिशव्या, सुतळी, दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा अजून ओळखू येत होता. मुलानं विचारलं, "हे हरणाच्या पोटातलं?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. मोकाट गाईच्या पोटातलं, डॉक्टरांनी कापून काढलेलं. हरणाच्या पोटात कधी मिळू नये म्हणून मागून आणून ठेवलंय." त्याला त्याच्या बिस्किटाच्या पुड्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. गरजच पडली नाही.

पण मामा, मी हे पत्र लिहितेय ते यातल्या कशासाठीही नाही. त्या सकाळी तुम्ही आणखी एक गोष्ट केलीत. ती तुमच्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

नवा चारा टाकायच्या आधी तुम्ही जाळीबाहेर उभे राहिलात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघताय. तुम्ही आदल्या संध्याकाळचा उरलेला चारा बघत होता. चारा एकाच गव्हाणीत का टाकत नाही, चार ठिकाणी का, हे मी विचारलं. एका जागी टाकला तर दांडगा नर बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही, म्हणून. मग तुम्ही बोटानं दाखवलंत. इथला साफ, तिथला साफ, झाडाखालचा साफ, आणि त्या भिंतीकडच्या कोपऱ्यातला तसाच. "उरलं की खायला मन न्हाई म्हणून सोडून द्यायचं नसतंय, ताई. किती उरलं ते तर बघायचंच, पण कुठं उरलं ते आधी बघायचं." त्या कोपऱ्यात एक हरणी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला ती इतरांसारखीच दिसत होती. तुम्ही तिच्या लेंड्या काडीनं उलटून पाहिल्यात, वहीत लिहिलंत, डॉक्टरांना फोन लावलात.

"हरीण आजार लपवतंय," तुम्ही सांगितलंत. "आपल्या नान्नजच्या माळावर जे लंगडतंय त्यालाच लांडगा आधी धरतोय. म्हणून ते मरायला टेकलं तरी ताठ उभं राहतंय. त्याचं तोंड बघून कळत न्हाई. त्याची पाटी बघायची."

तेव्हा मी मान डोलावली आणि घरी आले.

2023च्या पावसाळ्यात माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बाबांचं सगळं आयुष्य मागावर गेलं, गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्याच्या कारखान्यात चादरी विणल्या, पण कधी दुखतंय म्हणून बसलेले मी त्यांना पाहिले नाहीत. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. आई म्हणायची, त्यांना आता तोंडाला चव नाही. भाऊ म्हणायचा, मन खचलंय, औषध बदलून घेऊ. पाहुणे येऊन सांगायचे की या वयात असंच होतं, जबरदस्ती करू नका. बाबांना विचारलं की ते म्हणत, "पोट भरलं." वजन मात्र उतरत होतं, आणि रात्री दोनला ते जागे होऊन भूक लागली म्हणायचे.

एका दुपारी मी ताट उचलायला गेले आणि हातात ताट धरून तशीच उभी राहिले. कडक भाकरीचा चुरा आमटीत भिजवून दिला होता, वर शेंगाची चटणी, बाजूला भात. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ होती. डावी बाजू जशी वाढली तशी. मध्ये जणू कुणी रेघ ओढली होती. आदल्या दिवशी डावीकडे भात होता तेव्हा भात उरला होता. त्या दिवशी चटणी डावीकडे होती तर चटणी उरली, आणि शेंगाची चटणी बाबांनी जन्मात कधी ताटात टाकलेली नाही. कुठं उरलं ते आधी बघायचं. मामा, तुमचा आवाज मला त्या स्वयंपाकघरात ऐकू आला.

मी ताट परत बाबांपुढे ठेवलं आणि अर्धं फिरवलं. ते म्हणाले, "अगं, अजून वाढलंस?" आणि सगळं जेवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही माणसांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्यांच्या हिशेबात नसतं. ताटाची डावी बाजू, डावा गाल दाढी करताना, डावीकडे बसलेला माणूस, सगळंच. बाबा माझ्या मुलाशी बोलत नाहीत म्हणून मुलगा हिरमुसला होता, त्याचीही खुर्ची डावीकडेच होती. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवा आणि आधी ती शोधायला लावा, मग घास. आईनं बाबांनीच विणलेल्या जुन्या चादरीची लाल किनार फाडली. ती पट्टी धुऊन धुऊन आता फिकी पडलीय. पहिल्या आठवड्यात बाबांना ती सापडायला बराच वेळ लागायचा, मान वळवावी लागायची, ते चिडायचे. दिवाळीपर्यंत ताट फिरवावं लागेनासं झालं. वजन पाच किलोंनी परत आलं.

आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते, काळजीनं बघत होते, आणि तरी आम्हा कुणालाच ते दिसलं नव्हतं. मला बघता आलं, कारण त्याआधी पाच वर्षं एका अनोळखी बाईला आणि चूक केलेल्या तिच्या मुलाला तुम्ही तुमच्या कामाची एक सकाळ दिलीत. दंड केला असतात तरी ते योग्यच होतं. एवढ्या कामाच्या गर्दीत आमच्यासाठी थांबायची तुम्हाला काहीच गरज नव्हती. तुमचे उपकार आमच्यावर आहेत, मामा, आणि हे मी शब्दाला शब्द म्हणून लिहीत नाही.

मागे तुम्हाला भेटायला आले होते. फाटकावर कळलं की तुम्ही निवृत्त झालात, गावाकडे असता. पत्ता कुणाकडे नव्हता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहावं लागतंय. कुणी ओळखीचं वाचून तुमच्यापर्यंत पोहोचवेल अशी आशा आहे. सोलापूरला आलात की घरी यायचंच. गड्ड्याच्या जत्रेला तरी याल ना?

मुलगा आता बराच उंच झालाय. त्यानं तुमच्यासारखी एक वही केलीय, आजोबांनी काय खाल्लं, काय उरलं, कुठल्या बाजूला उरलं, तारीख घालून. मी त्याला सांगितलं नव्हतं. बाबांना त्यानं तुमची सगळी हकीकत सांगितलीय, बरणीसकट, आणि बाबा रोज संध्याकाळी एकच गोष्ट विचारतात, जिचं उत्तर आमच्या दोघांकडेही नाही. त्या सकाळी आम्ही लवकर निघालो होतो. ती भिंतीकडची हरणी नंतर खायला लागली का?

तुमची,
बिस्किटवाल्या मुलाची आई